‘दोषारोप’ म्हणजे दोषसिद्धी नव्हे

‘अमुक प्रकरणी न्यायालयात दोषारोपपत्र दाखल’ अशी बातमी छापून येते आणि त्या दिवसापासून गावात, नातेवाइकांत, प्रसंगी मुलामुलींच्या सोयरिकीच्या बोलण्यांतही संबंधित व्यक्तीस गुन्हेगार समजले जाते. कायद्याच्या दृष्टीने मात्र त्या क्षणापर्यंत काहीच सिद्ध झालेले नसते. म्हणून या शब्दाचा नेमका अर्थ समजून घेणे अगत्याचे आहे.

‘आरोप’ म्हणजे वर ठेवणे. दोषारोप म्हणजे एखाद्यावर दोष ठेवणे. ठेवलेला दोष खरा की खोटा, हे पुढे पुराव्यावरून ठरते.

आपल्याकडे फौजदारी कार्यपद्धती आता भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ नुसार चालते. ही संहिता १ जुलै २०२४ पासून अमलात आली. तिच्यातील तीन टप्प्यांची आपण नेहमी गल्लत करतो.

पहिला टप्पा प्रथम खबरेचा (कलम १७३). ‘गुन्हा दाखल झाला’ असे आपण म्हणतो तेव्हा दखलपात्र गुन्ह्याची माहिती पोलिसांनी नोंदवून घेतली, एवढाच त्याचा अर्थ असतो.

दुसरा टप्पा तपासानंतरच्या पोलीस अहवालाचा (कलम १९३). यालाच व्यवहारात दोषारोपपत्र म्हणतात. हे पोलिसांचे म्हणणे असते, न्यायालयाचे मत नव्हे. आरोपी कोठडीत असेल आणि हे पत्र ६० दिवसांत, गंभीर गुन्ह्यांत ९० दिवसांत, सादर झाले नाही तर तो जामीन देण्यास तयार असल्यास त्याला सुटकेचा हक्क मिळतो. काही विशेष कायद्यांत ही मुदत वाढू शकते. आरोपीला या पत्राची प्रत विनामूल्य मिळते. तक्रारदारालाही तपासाची प्रगती ९० दिवसांच्या आत कळविणे पोलिसांवर बंधनकारक आहे.

तिसरा टप्पा खऱ्या अर्थाने दोषारोपाचा. तो न्यायाधीश ठेवतात. कोणता गुन्हा, कोणते कलम, केव्हा व कोठे घडला, हे त्यात लिहावे लागते, कारण आरोप नेमका ठाऊक नसेल तर बचाव कसा करणार? पुरेसा आधार नसेल तर न्यायालय आरोपीस खटल्यापूर्वीच दोषमुक्त करते. खटला चालून सुटका झाल्यास तिला ‘निर्दोष मुक्तता’ म्हणतात. दोन्ही शब्द भिन्न आहेत.

दोषारोप वाचून दाखविल्यावर न्यायाधीश विचारतात : गुन्हा कबूल आहे काय? १८ मार्च १९२२ रोजी अहमदाबादेत न्यायाधीश ब्रूमफील्ड यांच्यासमोर महात्मा गांधींवर ‘यंग इंडिया’तील तीन लेखांबद्दल राजद्रोहाचा दोषारोप ठेवला गेला. गांधीजींनी तो कबूल केला आणि त्यांना ६ वर्षांची शिक्षा झाली. बहुतेक आरोपी मात्र ‘कबूल नाही’ असे सांगतात आणि तेथून पुराव्याची परीक्षा सुरू होते. गुन्हा सिद्ध करण्याचा भार सर्वसाधारणपणे सरकार पक्षावर असतो.

आपल्या परिचयात कोणावर असा प्रसंग आल्यास दोषारोपपत्राची प्रत मिळवून ती जाणकार वकिलाकडून समजून घ्यावी. महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती व कोठडीतील व्यक्ती यांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत साहाय्य मिळू शकते. आणि निकाल लागेपर्यंत आपण ‘आरोपी’ हाच शब्द वापरावा. ‘गुन्हेगार’ ठरविण्याचा अधिकार न्यायालयाचा आहे, शेजाऱ्यांचा नव्हे.