मेलेल्या माकडाची खबर

१९५७ च्या उन्हाळ्याच्या तोंडावर तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, शिमोगा जिल्ह्याच्या सोरब तालुक्यातल्या क्यासनूर जंगलात माकडं मरून पडू लागली. आसपासच्या गावांतली माणसंही त्याच सुमारास तापाने फणफणत होती. ही बातमी पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरमध्ये पोचली, तेव्हा तिथल्या शास्त्रज्ञांच्या मनात पहिली शंका आली ती पीतज्वराची. दक्षिण अमेरिकेत पीतज्वर माणसांत उफाळण्याआधी जंगलातली माकडं मरतात, हे त्यांना ठाऊक होतं, आणि आशियात हा रोग तोवर कधीच आलेला नव्हता. टेलफर्ड वर्क आणि हॅरॉल्ड ट्रॅपिडो यांच्या पथकाने जंगल गाठलं. हाती लागला तो पीतज्वराचा विषाणू नव्हताच. जगाला अनोळखी असलेला, रशियातल्या गोचीडजन्य मेंदूज्वराच्या कुळातला तो एक नवाच विषाणू होता. जंगलाच्या नावावरून रोगाला ‘क्यासनूर फॉरेस्ट डिसीज’ हे नाव मिळालं. आपल्याकडे त्याला माकडताप म्हणतात.

रशियातल्या विषाणूशी असलेल्या या नात्यामुळे हिवाळी पाहुणे पक्षी अंगावरच्या गोचिडांसोबत रोग घेऊन आले असतील काय, असाही प्रश्न निघाला. त्याचा छडा लावण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने सलीम अलींच्या नेतृत्वाखाली पक्ष्यांच्या पायांत कडी घालायला सुरुवात केली. पक्षी निर्दोष ठरले, पण भारतातल्या पक्षी-स्थलांतराच्या अभ्यासाचा मोठा पाया त्यातून घातला गेला. एका तापाच्या शोधात डॉक्टर आणि पक्षितज्ज्ञ एकाच रानात उतरावेत, ही मला या कथेतली फार मोलाची गोष्ट वाटते.

हा विषाणू राहतो गोचिडात, मुख्यतः हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा या जातीच्या. गोचिडाच्या वाढीच्या एका अवस्थेतून दुसरीत तो सोबत जातो. उंदीर, चिचुंद्र्या यांसारख्या लहान प्राण्यांच्या अंगावरून तो रानात फिरत राहतो. काळ्या तोंडाचे वानर आणि लाल तोंडाची माकडं यांना मात्र तो सोसत नाही, आणि वानर तर त्याला अधिकच बळी पडतात. माकड मेलं की गार पडणाऱ्या देहावरून गोचीड खाली उतरतात आणि त्या झाडाखालचा पाचोळा रोगाचं ठाणं होऊन बसतो. माणसाला चावते ती बहुधा गोचिडाची कोवळी अवस्था, तिळाहून लहान. चावलेलं कळतसुद्धा नाही. तिचा जोर साधारण डिसेंबरपासून मेपर्यंत असतो, म्हणजे नेमका माणसांनी रानात जाण्याचा हंगाम: सरपण, गोठ्यासाठी पातेरा, काजूच्या बिया.

चाव्यानंतर तीन ते आठ दिवसांत हुडहुडी भरून ताप चढतो, कपाळ ठणकतं, अंग मोडून येतं. काहींच्या हिरड्यांतून, नाकातून रक्त येतं. काहींचा ताप उतरतो, आठवड्या-दोन आठवड्यांनी उलटतो आणि मग मेंदूवर परिणाम करतो. शंभरातले तीन ते पाच रुग्ण दगावतात. विषाणूवर थेट औषध नाही. वेळेवर सलाईन, रक्तस्रावावर लक्ष आणि चांगली शुश्रूषा यांवरच रुग्ण बरा होतो. एका माणसाकडून दुसऱ्याला हा रोग होत नाही, एवढाच काय तो दिलासा.

गुराला या विषाणूचा फारसा त्रास नाही, पण वाढलेल्या गोचिडाला पोटभर रक्त मिळतं ते रानात चरायला गेलेल्या गुरांचंच. रक्त पिऊन टम्म झालेली मादी हजारो अंडी घालते. म्हणजे माणसाचा ताप रोखायचा तर गाईच्या अंगावर गोचीडनाशक लागलं पाहिजे. ते लावणार पशुसंवर्धन विभाग. मेलेलं माकड सापडतं वनरक्षकाला. त्याचं शवविच्छेदन करणार पशुवैद्य, नमुना तपासणार प्रयोगशाळा आणि घरोघर ताप शोधणार आशाताई व आरोग्यसेवक. यांतला एकही दुवा निसटला तर बाकीच्यांची मेहनत वाया जाते.

हे काम जवळून पाहिलं तर फार साधं दिसतं. पांढऱ्या फडक्याला काठी बांधून माणसं ते पाचोळ्यावरून हळूहळू ओढत नेतात. थोड्या-थोड्या अंतराने फडकं उलटून बघतात, चिकटलेले तपकिरी ठिपके चिमट्याने उचलून कुपीत भरतात, जागेची नोंद करतात. त्या कुप्यांतून विषाणू निघाला, तर एकही माणूस आजारी पडण्याआधी ते रान धोक्याचं ठरतं. माकड सापडलं तर घाई आणखी मोठी, कारण कुजलेल्या देहातून विषाणू मिळणं कठीण. पशुवैद्य पूर्ण अंग झाकून जागेवरच शवविच्छेदन करतो, नमुने बर्फात ठेवतो, देह जाळला जातो आणि भोवतीच्या जमिनीवर मॅलॅथिऑन या कीटकनाशकाची भुकटी टाकतात. प्रत्येक माकड तापानेच मेलेलं नसतं. विजेच्या तारा असतात, कुत्री असतात, वाहनं असतात. तरी तपासल्याशिवाय कळणार कसं?

काही गावांत मेलेल्या वानराला मारुतीचं रूप मानून हार घालतात, खांदा देतात. ती माया खरी आहे, आणि म्हणूनच हात न लावता आधी कळवा, हे गावकऱ्यांना आदराने सांगावं लागतं. हात लावण्याची किंमत बंदीपूरने पाहिली आहे. २०१२ च्या अखेरीस त्या व्याघ्र प्रकल्पात मेलेल्या माकडांची विल्हेवाट लावणारे वनकर्मचारीच तापाने पडले. जे मरण रोगाची पहिली सूचना असतं, ते हाताळणाऱ्यांनाच तिचा अर्थ कोणी सांगितलेला नव्हता, असंच म्हणावं लागतं.

तोवर हा रोग मुख्यतः कर्नाटकाच्या पाच जिल्ह्यांचा मानला जाई. मग तो तमिळनाडू आणि केरळात दिसला. २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात, पाली गावाच्या परिसरात काजूच्या बागांत काम करणाऱ्यांना झाला आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात पोचला. काजूचा हंगाम आणि गोचिडांचा हंगाम एकच असल्यामुळे बोंडू गोळा करायला पाचोळ्यात वाकणारी माणसं, त्यातही बाया, थेट धोक्यात येतात. दोडामार्गच्या एका अंगाला गोवा, घाटावर कर्नाटक. माकडाला राज्याची हद्द कळत नाही, पण त्याच्या मरणाची नोंद तीन सरकारांच्या वेगवेगळ्या दप्तरांत होते. या नोंदी त्याच दिवशी एकमेकांना कळणं, ही माझ्या मते कुठल्याही नव्या यंत्राहून निकडीची गरज आहे.

लशीची कहाणीही माणसांच्या आणि जनावरांच्या आरोग्यसेवांना जोडणारी आहे. माणसांना टोचली जाणारी ही लस वर्षानुवर्षं तयार होत होती बेंगळुरूच्या हेब्बाळ इथल्या पशु-आरोग्य संस्थेत, जिथे एरवी गुरं-कोंबड्यांच्या लशी बनतात. दोन डोस, मग बूस्टर, मग वर्षावर्षाला पुन्हा टोचणी, आणि तरी संरक्षण अपुरं. २०२२ मध्ये ती थांबवण्यात आली. नव्या लशीवर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचं काम सुरू आहे. तोवर रानात जाण्याआधी हातापायांना चोळायचं डेपा तेल, अंगभर कपडे आणि घरी येताच गरम पाण्याने आंघोळ, एवढीच साधनं. हे तेल संरक्षण संशोधन संस्थेने तयार केलेलं आहे.

निदान मात्र आता पूर्वीपेक्षा पुष्कळ जलद होतं. १९५७ मध्ये शिमोग्याला धावलेली पुण्याची ती संस्था आज राष्ट्रीय विषाणू संस्था आहे आणि २०१२ पासून तिच्याकडे सर्वोच्च जैवसुरक्षेची प्रयोगशाळा आहे. डिसेंबर २०२२ मध्ये नागपुरात राष्ट्रीय वन हेल्थ संस्थेची पायाभरणी झाली. माणूस, जनावर आणि पर्यावरण यांचं आरोग्य एकत्र अभ्यासणं हे तिचं काम. तालुक्याच्या पातळीवर या विचाराची पहिली परीक्षा रोग नसलेल्या वर्षी होते. साथ भडकली की सगळे विभाग एका टेबलाशी बसतात. खरी नड असते ती जूनपासून नोव्हेंबरपर्यंत: तेव्हाही गुरांचे गोचीड तपासले जावेत, तेव्हाही वनरक्षकाच्या फोनमध्ये पशुवैद्याचा आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरचा नंबर असावा, आणि गावात माकड मेल्याचं पहिल्यांदा पाहणाऱ्या गुराख्याला ते कोणाला सांगायचं हे पाठ असावं.