प्रथिने न घडविणारा आरएनए आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग

मोठ्या आतड्याचा कर्करोग हा पाश्चात्त्य देशांतील, साठी उलटलेल्या माणसांचा आजार, अशी आमच्या विद्यार्थिदशेतील समजूत होती. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातून २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ८०० रुग्णांच्या आढाव्यात मात्र त्यांचे सरासरी वय ४७ वर्षांच्या आसपास आढळले. अशा वयाच्या रुग्णाची मुले पुष्कळदा अजून शाळा-कॉलेजात असतात. या आजाराविषयी बालरोगतज्ज्ञाने लिहिणे म्हणूनच अप्रस्तुत ठरू नये.

पेशीचा कारभार आपल्या रुग्णालयाच्या उदाहरणाने समजावून घेता येईल. डीएनए ही कपाटातील मूळ फाइल. तिच्यावरून लिहिलेली औषधाची चिठ्ठी म्हणजे संदेशवाहक आरएनए. ती चिठ्ठी औषधालयात पोहोचली की औषध मिळते. हे औषध म्हणजे प्रथिन. मानवी जनुकसंचाचा दोन टक्क्यांहूनही कमी भाग प्रथिनांसाठी खर्ची पडतो. उरलेला भाग दीर्घकाळ अडगळ मानला गेला. त्या अडगळीतूनही आरएनएच्या असंख्य प्रती निघतात, हे पुढे उमगले. त्या सर्वच उपयुक्त असतात असे नव्हे. परंतु त्यांतील काही वाटेतच चिठ्ठी अडवतात, तर काही जनुकांचे काम वाढवतात वा थोपवतात.

चिठ्ठी अडवणारा पहिला रेणू १९९३ साली व्हिक्टर अ‍ॅम्ब्रोस व गॅरी रुव्हकुन यांच्या संशोधनातून, एका सूक्ष्म सूत्रकृमीत उघडकीस आला. या शोधासाठी त्या दोघांना २०२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. सुमारे २२ घटकांची ही साखळी मायक्रोआरएनए म्हणून ओळखली जाते. ती संदेशवाहक आरएनएला चिकटते आणि त्याचा नाश करते किंवा त्याचे वाचन रोखते. एकच मायक्रोआरएनए अनेक जनुकांवर अंमल चालवू शकतो.

आता आतड्याकडे वळू. पेशींच्या वाढीला लगाम घालणारे एपीसी हे जनुक या कर्करोगाच्या बहुसंख्य गाठींत बिघडलेले असते. परंतु मायक्रोआरएनए-१३५ चे प्रमाण वाढले, तर एपीसीची चिठ्ठी वाटेतच अडते. फाइल निर्दोष असूनही औषध कमी पडते. मायक्रोआरएनए-२१ हाही या गाठींत वाढलेला आढळतो व अर्बुदरोधक प्रथिनांची निर्मिती दाबतो. मायक्रोआरएनए-१५५ डीएनएची दुरुस्ती करणाऱ्या एमएलएच१ व एमएसएच२ या जनुकांना निष्प्रभ करू शकतो. उलट, १४३ व १४५ या क्रमांकांचे मायक्रोआरएनए गाठीत घटलेले असतात, हे २००३ सालीच दाखवून देण्यात आले. याखेरीज दोनशेहून अधिक घटकांचे लांब आरएनए असतात; त्यांपैकी सीकॅट२ हा मिक या वाढीला चालना देणाऱ्या जनुकाला बळ देतो.

हे ज्ञान औषधात उतरवणे सोपे नाही. मायक्रोआरएनए-३४ ची नक्कल असलेले एक औषध विविध कर्करोगांच्या रुग्णांना देऊन पाहिले गेले. गंभीर दुष्परिणामांमुळे ती चाचणी २०१६ साली थांबवावी लागली. रक्तातील किंवा शौचातील मायक्रोआरएनएवरून निदान करण्याचे प्रयत्न चालू आहेत. तथापि आजही निदानाचा आधार कोलोनोस्कोपी व बायॉप्सी हाच आहे.

आपल्या हुबळी-धारवाड परिसरात शौचावाटे रक्त गेले की ‘मूळव्याध असेल’ म्हणून घरगुती उपाय सुरू होतात आणि मौल्यवान महिने वाया जातात. रुग्ण तरुण आहे एवढ्यावरून कर्करोगाची शंका बाजूला सारू नये. लहान मुलांत वेदनारहित रक्तस्राव बहुधा एखाद्या निरुपद्रवी पॉलिपमुळे होतो व दुर्बिणीने तो काढून टाकता येतो. मात्र पॉलिप अनेक असतील, किंवा आई-वडिलांना असा आजार असेल, तर सावध व्हावे. एपीसीतील दोष आनुवंशिक असल्यास तो अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी असते. पौगंडावस्थेपासून शेकडो पॉलिप उद्भवतात आणि उपचार न केल्यास चाळिशीच्या आसपास कर्करोग जवळजवळ अटळ ठरतो. अशा घरातील मुलांची तपासणी १० ते १२ व्या वर्षापासून सुरू करावी लागते. ज्ञात आनुवंशिक दोष नसलेल्या घरातही आई, वडील वा भावंडास हा कर्करोग झाला असल्यास वयाच्या ४० व्या वर्षी, किंवा त्यांच्या निदानाच्या वयाआधी १० वर्षे, यांपैकी जे आधी येईल तेव्हा पहिली कोलोनोस्कोपी करावी.

तेव्हा समव्यावसायिक मित्रांना एकच विनंती. मुलाच्या केसपेपरवर लसीकरणाच्या नोंदीशेजारी आणखी एक ओळ असू द्यावी: घरात कोणाला आतड्याचा कर्करोग झाला होता काय, आणि कोणत्या वयात? या प्रश्नाला प्रयोगशाळा लागत नाही. आणि त्याच्या उत्तरातून एखाद्या मुलाचे पुढील आयुष्य वाचू शकते.