नायट्रो ट्रक बंद पडतोय? आधी ग्लो प्लग बघा

खडोलीतल्या नायट्रोवाल्यांनो, इग्नायटर काढताच इंजिन बंद पडत असेल तर कार्ब्युरेटरला हात लावण्याआधी ग्लो प्लग काढून बघा. दीड व्होल्टच्या इग्नायटरवर प्लॅटिनमची तार लख्ख केशरी दिसली पाहिजे. मंद पेटली तर आधी इग्नायटर चार्ज करा. तार वेडीवाकडी झाली असेल तर बहुधा इंधन कमी पडतंय. हाय-स्पीड नीडल अष्टमांश फेरा उघडा. तारेवर ॲल्युमिनियमचे कण चिकटलेले दिसले तर मात्र गाडी चालवूच नका, इंजिन उघडा.

आणि इंधन! त्यातलं मिथेनॉल हवेतला ओलावा शोषतं. आपल्याकडच्या पावसाळी हवेत झाकण उघडं राहिलेला डबा मी सरळ बाद करतो. प्लग तपासताना इंधन लांब ठेवा, मिथेनॉलची ज्योत उन्हात दिसत नाही.