वऱ्हाडातील विशेष शाळा आणि निवडीचे निकष

दृष्टी, श्रवण, बुद्धी किंवा हालचाल यांतील अक्षमतेमुळे ज्या मुलांना नेहमीच्या वर्गातील अध्यापन पुरत नाही, त्यांच्यासाठी वेगळे प्रशिक्षण घेतलेले शिक्षक, वेगळी साधने आणि लहान वर्ग असलेली शाळा म्हणजे विशेष शाळा होय. महाराष्ट्रात या शाळा शिक्षण विभागाच्या नव्हे, तर डिसेंबर 2022 मध्ये स्वतंत्रपणे स्थापन झालेल्या दिव्यांग कल्याण विभागाच्या कक्षेत येतात. त्यापूर्वी त्या सामाजिक न्याय विभागाकडे होत्या आणि जिल्हा पातळीवर त्यांचा कारभार जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण कार्यालयातून चालत आला.

या शिक्षणाचा आरंभ वऱ्हाडापासून दूर झाला. मुंबईत कर्णबधिरांची शाळा 1885 मध्ये आणि अंधांची शाळा 1900 मध्ये निघाली. अमरावती जिल्ह्यातील माधानचे गुलाबराव महाराज (1881–1915) बालपणीच दृष्टी गमावूनही इतरांकडून ग्रंथ वाचून घेत विद्वान झाले, पण त्यांच्या वाट्याला अशी शाळा आली नाही. आज अमरावतीत डॉ. नरेंद्र भिवापूरकर अंध विद्यालय आणि अकोल्यात कनुभाई वोरा अंध विद्यालय आहे. तथापि अंध, मूकबधिर, मतिमंद आणि अस्थिव्यंग अशी शाळांची जुनी विभागणी कायम राहिली, तर दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये अक्षमतांचे 21 प्रकार मानले गेले. स्वमग्न मूल, मेंदूच्या पक्षाघाताचे मूल किंवा एकाहून अधिक अक्षमता असलेले मूल यांतील कोणत्या शाळेत बसते, याचे उत्तर पाटीवरील नावावरून मिळत नाही. म्हणून शाळेच्या प्रकारापेक्षा तेथील दैनंदिन अध्यापन पाहणे अधिक महत्त्वाचे ठरते.

अंध विद्यालयात हे अध्यापन प्रत्यक्ष दिसते. सहा टिंबांच्या ब्रेल लिपीत लिहिताना जाड कागद पाटीत अडकवून टोकदार सळईने उजवीकडून डावीकडे टिंबे टोचली जातात आणि कागद उलटवल्यावर उठून आलेली तीच टिंबे बोटाने डावीकडून उजवीकडे वाचली जातात. त्यामुळे लिहिताना प्रत्येक अक्षर उलटे कल्पावे लागते. हे कौशल्य रोजच्या सरावाशिवाय येत नाही. ध्वनिमुद्रित पाठ ऐकवून ब्रेलला बगल देणाऱ्या शाळेतील मुलाला स्वतः शुद्धलेखन तपासता येत नाही, ही उणीव पुढे परीक्षेत उघडी पडते. कर्णबधिर मुलाच्या बाबतीत हाच प्रश्न भाषेचा असतो: शाळा केवळ श्रवणयंत्र आणि उच्चारांवर भर देते, की सांकेतिक भाषाही शिकवते, हे विचारल्याशिवाय प्रवेश घेऊ नये, कारण कोणतीच भाषा लवकर न मिळालेल्या मुलाचे सगळेच शिक्षण अडते.

बौद्धिक अक्षमतेची बाब अधिक नाजूक आहे. सौम्य, मध्यम, तीव्र आणि अतितीव्र या श्रेणी बुद्धिगुणांक आणि व्यवहारकौशल्य यांवर ठरतात, व्ही. व्ही. कामत यांनी धारवाड येथे मराठी आणि कन्नड मुलांसाठी रूपांतरित केलेली बिने-कामत चाचणी त्यासाठी दीर्घकाळ वापरात आहे. परंतु मेळघाटातील धारणी-चिखलदऱ्याच्या ज्या घरांत कोरकू बोलली जाते, त्या घरातील मुलाला प्रमाण मराठीत विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आले नाही, तर तो भाषेचा अडथळा आहे की बुद्धीचा, हे एकट्या गुणांकावरून कळत नाही. अशा मुलाची तपासणी घरच्या भाषेतून व्हावी, असा आग्रह पालकांनी आणि शिक्षकांनीही धरला पाहिजे. चुकीची श्रेणी लागलेले मूल वर्षानुवर्षे चुकीच्या वर्गात बसते.

कायद्याने निवडीचा अधिकार स्पष्ट दिला आहे. 40 टक्के किंवा त्याहून अधिक अक्षमता प्रमाणित झालेल्या 6 ते 18 वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत विनामूल्य शिक्षणाचा हक्क आहे, त्यामुळे विशेष शाळा ही सक्तीची वाट नव्हे आणि एकदा घेतलेला निर्णय बदलताही येतो. खेड्यातील कुटुंबाला मात्र विशेष शाळा म्हणजे बहुधा वसतिगृह, असाच अर्थ उरतो. सहा-सात वर्षांचे मूल घरापासून तोडण्याची किंमत मोठी आहे. ब्रेल किंवा सांकेतिक भाषा गावाजवळ मिळतच नसेल तर ती किंमत मोजणे योग्य ठरते, पण केवळ गावच्या शाळेने टाळले म्हणून नव्हे.

अठराव्या वर्षानंतर काय, हा प्रश्न वऱ्हाडात शंकरबाबा पापळकर यांनी सर्वांत ठामपणे मांडला. अचलपूर तालुक्यातील वझ्झर येथील स्व. अंबादासपंत वैद्य मतिमंद, मूकबधिर, बेवारस बालगृहात त्यांनी वाढवलेल्या शंभराहून अधिक मुलामुलींच्या नावामागे त्यांचेच आडनाव आहे, आणि अनाथ दिव्यांगांना वयाच्या अठराव्या वर्षी संस्थेबाहेर काढणारा नियम बदलावा, ही त्यांची मागणी आहे. त्यांना 2024 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. त्याच वर्षी येथे वाढलेली आणि भिवापूरकर विद्यालयात शिकलेली एक अंध तरुणी राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत उत्तीर्ण झाली.

प्रवेशापूर्वी पालकांनी शाळेत कामाचा पूर्ण दिवस बसून वर्ग पाहावेत, शिक्षकांची भारतीय पुनर्वास परिषदेकडील नोंदणी आणि मुलाचा वैयक्तिक शिक्षण आराखडा मागावा. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक किंवा बहुविध अक्षमता असलेल्या मुलासाठी राष्ट्रीय न्यास अधिनियम 1999 नुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडे कायदेशीर पालकत्वाचा अर्जही, मूल अठरा वर्षांचे होताच, न लांबवता करावा.