जमीन सरकारची, दगड कुणाचे?

लेखांक सातवा

मागच्या आठवड्यात आपण शेतात नांगराला लागलेल्या नाण्यांच्या हंड्यापाशी थांबलो होतो. तिथं निदान शेतकरी असतो; बांध कोरला तरी भांडायला उभा राहतो. सरकारी जमिनीचं तसं नाही. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम २० सांगतं, की जी जमीन कुणाचीच नाही ती सरकारची. गावात त्याचा अर्थ उलटा लागतो: सरकारची, म्हणजे कुणाचीच नाही. विदर्भातल्या शिळावर्तुळांची सगळी अडचण या दोन अर्थांमध्ये आहे.

नागपूरहून काटोलच्या रस्त्याला लागलं की जुनापाणी येतं. माळावर काळ्या धोंड्यांची सुमारे ३०० वर्तुळं आहेत. लोहयुगातल्या माणसांनी आपले मृत इथं पुरले, सोबत मडकी आणि लोखंडी हत्यारं ठेवली, वर माती-गोटे भरले आणि भोवती धोंड्यांचं कडं केलं. रिव्हेट-कार्नाक या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकात यातली काही वर्तुळं खणली. धोंड्यांवर ओळीने कोरलेले वाटीएवढे खळगेही त्याने नोंदवले. त्याला मिळालेल्या वस्तू आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. पुढे १९६१-६२ मध्ये बी. के. थापर यांनी इथं पद्धतशीर उत्खनन केलं. जुनापाणी केंद्र सरकारचं संरक्षित स्थळ आहे. तिथं निळी पाटी आहे आणि २०१० च्या दुरुस्तीनंतर हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आहे.

पण पाटी नसलेल्या वर्तुळांचं काय?

दोन वर्षांपूर्वी नागपूर जिल्ह्यातल्याच एका गावाच्या शिवेवर आम्ही तिघं मोजपट्टी घेऊन गेलो. वर्तुळं अकरा होती. पूर्वेकडचं एक अर्धंच उरलेलं. दुसरा अर्धा भाग मुरूम काढणाऱ्या जेसीबीने नेला होता. खड्ड्याच्या उभ्या कडेत गोट्यांचा थर स्वच्छ दिसत होता आणि त्यात अडकलेली दोन काळी-तांबडी खापरं. शेळ्या राखणारे एक आजोबा आले आणि म्हणाले, ‘‘हे गवळी राजाच्या वेळचं हाय बावा.’’ म्हणजे गावाला ते जुनं आहे हे माहीत होतं. सातबाऱ्याला नव्हतं. तिथं जमिनीचा प्रकार ‘झुडपी जंगल’ आणि इतर हक्काचा रकाना कोरा. मुरूम काढू देणाऱ्याने कागद उघडून पाहिला असता, तरी त्याला मोकळा माळच दिसला असता. चोरट्यांवर आपण फार बोलतो. माझ्या मते सरकारी जमिनीवरचं जास्त नुकसान हा कोरा रकाना करतो.

म्हणून आधी नोंद, मग कुंपण. नोंद म्हणजे नुसता मोबाइलचा फोटो नव्हे. आम्ही केलं ते असं. प्रत्येक वर्तुळाला क्रमांक दिला, पण कागदावर. दगडावर रंगाचा ठिपकाही नाही. व्यास दोनदा घेतला, उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम. धोंडे मोजले, कोणत्या धोंड्यावर किती खळगे, ते लिहिलं. खडूने खळगे उठावदार करायचा मोह होतो, तो आवरायचा. सकाळचं तिरपं ऊन ते काम फुकट करतं. फोटोत मोजपट्टी आणि उत्तरेचा बाण हवाच. शेवटी अक्षांश-रेखांश आणि गट नंबर. संशोधकाला अक्षांश पुरतो, तलाठ्याला मात्र गट नंबरच लागतो. कडेतली खापरं आम्ही उचलली नाहीत.

उचलली असती तर काय बिघडलं असतं? माहुरझरीला १९७०च्या सुमारास शां. भा. देव यांच्या उत्खननात वर्तुळांमध्ये घोड्यांचे अवशेष आणि त्यांच्या तोंडावरचे तांब्याच्या पत्र्याचे दागिने मिळाले. तोच पत्रा कुणी खणून भंगारवाल्याला दिला असता, तर किलोच्या भावाने गेला असता. संग्रहालयात दिला असता, तरी चिठ्ठीवर फार तर ‘तांब्याचा पत्रा’ एवढंच लिहिता आलं असतं. तो घोड्याचा साज, हे घोड्याच्या हाडांशेजारी सापडला म्हणून कळलं.

गंमत अशी, की इंग्रजांच्या कायद्यालाही हे कळत होतं. १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं: काय सापडलं, कुठे आणि केव्हा. त्यातलं ‘कुठे’ लोक गाळतात, कारण सरकारी जमिनीत खणलं हे कबूल करायची भीती असते. मग नदीकाठी सापडलं, रस्त्यात सापडलं, अशा कहाण्या येतात आणि वस्तू हाती लागूनही जागा हरवते. कायदा सापडवणाऱ्याला हिस्सा देतो, हे सांगायला गावात कुणी जात नाही. उलट माहिती दडवली तर हिस्सा जातो आणि शिक्षाही होते.

आम्ही अकरा वर्तुळांचा नकाशा तीन प्रतींत केला. एक राज्याच्या पुरातत्त्व खात्याला, एक तहसील कार्यालयात, पोच घेऊन. त्या पोचेवरच्या शिक्क्याची शाई अजून वाळलेली नाही असं आम्ही आपसांत म्हणतो, कारण पुढे काहीच हललेलं नाही. तिसरी प्रत ग्रामपंचायतीत सरपंचबाईंनी काचेखाली लावून घेतली. ती पाहायला शेळ्यांवाले आजोबा आले. चष्मा नव्हता, म्हणून नकाशावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, ‘‘माह्या बसाच्या धोंड्याचा नंबर कोणता?’’

चौथ्या वर्तुळातला सातवा, मी सांगितलं. त्यांनी तो दोनदा घोकला.

पुढील आठवड्यात: तहसीलच्या कोषागारात जमा झालेली वस्तू संग्रहालयात पोचते कशी, आणि वाटेत तिची चिठ्ठी कुठे सुटते.