गायतोंड्यांचं छोटं चित्र म्हणजे सराव नव्हे

वासुदेव गायतोंडे यांचं १९५०च्या दशकातलं एखादं वहीएवढं अमूर्त तैलचित्र लिलावात आलं, की अनेकजण त्याला पुढच्या मोठ्या कॅनव्हासची तयारी समजतात. मला हे अजिबात पटत नाही. १९४८ साली मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून पदविका घेतलेल्या गायतोंड्यांवर सुरुवातीला पॉल क्लेचा दाट प्रभाव होता, आणि क्लेची कितीतरी उत्तम चित्रं आकाराने लहानच आहेत. असं चित्र तिरप्या उजेडात जवळून पाहा. जाड रंगाच्या कडेशी खालचा थर जिथे डोकावतो, तिथे चित्रकार नेमका कुठे थांबला ते कळतं. एवढ्याशा जागेत चूक झाकता येत नाही.

मग बोली मोठ्या चित्रांवरच का चढते? २०१३ साली मुंबईत क्रिस्टीजच्या लिलावात त्यांचं १९७९चं मोठं चित्र २३.७ कोटी रुपयांना गेलं, हे खरंच. पण भिंत भरणाऱ्या चित्राला ग्राहक जास्त पैसे मोजतो, त्यात कलेचा कस लागत नाही. छोटं चित्र नकली निघण्याची भीती मात्र रास्त आहे. म्हणून बोली लावण्याआधी कॅनव्हासची मागची बाजू, तिथली सही, जुनी लेबलं आणि आजवरच्या मालकीची कागदपत्रं जरूर मागा.