डिझेल गाडी सकाळी सुरू होत नाही? आधी पाहा, मग पैसे खर्च करा

नोकरीची वाट पाहत न बसता आपल्यातील अनेक तरुणांनी कर्ज काढून जुनी डिझेल जीप किंवा टॅक्सी घेतली आहे. त्यांची खरी कमाई सकाळच्या फेरीची. नेमकी त्याच वेळी गाडी सुरू होत नाही. माणसे धक्का मारून दमतात, प्रवासी दुसऱ्या गाडीत बसतात. त्या दिवसाची कमाई बुडते, हप्ता मात्र बुडत नाही.

मग सुरू होते पार्ट बदलणे. आधी बॅटरी, नंतर हीटर प्लग, शेवटी पंप. आमच्या ओळखीच्या एका जीपवाल्याने नवी बॅटरी घातली, पुढे पंप खोलण्याचीही तयारी केली. दोष निघाला डिझेलच्या चिरलेल्या रबरी पाइपात! अंदाजाने पार्ट बदलणे म्हणजे निदान नव्हे.

तीन गरजा

पेट्रोल इंजिनात ठिणगी पडते, डिझेल इंजिनात पडत नाही. रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन १८९७ साली जर्मनीत यशस्वीपणे चालले, त्याचे तत्त्व आजही तेच आहे. सिलिंडरमधील हवा खूप जोराने दाबली की ती इतकी तापते की, तिच्यात फवारलेले डिझेल आपोआप पेटते. म्हणून तीन गोष्टी हव्यात : इंजिन पुरेशा वेगाने फिरणे, डिझेल पोचणे आणि हवा तापणे. यांपैकी काय कमी पडते, एवढेच शोधायचे आहे.

सेल्फ कसा फिरतो?

प्रथम कान द्या. सेल्फ रडत रडत फिरत असेल तर हवा पुरेशी दाबली जात नाही. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी आहे का? इंजिन व चासी यांना जोडणारी अर्थची पट्टी ढिली किंवा गंजलेली आहे का? हे साफ करायला पैसे लागत नाहीत. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची चांगली बॅटरी मीटरवर सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ म्हणजे ती निम्मी उतरली. सेल्फ सलग दहा-पंधरा सेकंदांहून जास्त मारू नये. मध्ये विश्रांती द्यावी.

धूर काय सांगतो?

सेल्फ जोरात फिरतो, तरी गाडी सुरू होत नाही. आता एकाने सेल्फ मारावा आणि घरातील दुसऱ्या कुणीही मागे बाजूला उभे राहून सायलेन्सर पाहावा. या कामाला मिस्त्री लागत नाही.

धूर मुळीच नाही, तर डिझेल पोचत नाही. टाकीत डिझेल आहे का, फिल्टर तुंबला आहे का, त्यात पाणी साठले आहे का, पंपावरील डिझेल बंद करणाऱ्या सोलेनॉइडला करंट येतो का, हे पाहावे. जुन्या गाडीत बहुधा एअर शिरलेली असते. हॅण्ड प्रायमर मारल्यावर गाडी लगेच सुरू झाली, तर संशय पक्का. आणखी एक साधी परीक्षा : रात्री गाडी तोंड उताराकडे करून लावा, हॅण्डब्रेक ओढा, चाकाला दगड लावा. सकाळी ती सहज सुरू झाली, तर रात्री डिझेल टाकीकडे परत उतरत होते, म्हणजे पाइप किंवा जोड कुठेतरी हवा घेतो.

कच्च्या डिझेलचा वास असलेला पांढरा धूर येतो, तर डिझेल पोचते पण पेटत नाही. थंड गाडीत पहिला संशय हीटर प्लगवर. सर्व प्लग एका पट्टीने जोडलेले असतील तर पट्टी काढावी. १२ व्होल्टच्या बल्बची एक तार बॅटरीच्या प्लसला, दुसरी प्लगच्या डोक्याला लावावी. बल्ब लागला तर प्लग शाबूत, नाही लागला तर जळालेला. प्लग सगळे चांगले असतील तर त्यांना करंट देणारा रिले व फ्यूज तपासावा.

एवढे करूनही पांढरा धूर राहिला, इंजिन ऑइल खात असेल आणि चालू इंजिनचे ऑइलचे झाकण उघडल्यावर भसाभस धूर येत असेल, तर कॉम्प्रेशन उतरले असण्याची शक्यता मोठी. थंड असताना सुरू होणारी जुनी गाडी गरम झाल्यावर अडत असेल, तर पंप झिजल्याचा संशय घ्यावा. येथे मात्र जाणकार मिस्त्रीच हवा.

हे करू नका

हीटर प्लगच्या गाडीत हवेच्या तोंडाशी पेट्रोलचा बोळा धरणे किंवा ईथरचा स्प्रे मारणे धोक्याचे आहे. भडका उडतो, इंजिन फुटू शकते. नव्या कॉमन रेल गाड्यांत डिझेलचा दाब हजार बारच्याही वर जातो. त्यांचे पाइप घरी ढिले करू नयेत. ती धार कातडीत घुसते. अशी गाडी कॉम्प्युटरवर तपासून घ्यावी.

शेवटी एक सवय लावून घ्यावी. हिशेबाच्या वहीत एक पान गाडीचे ठेवा : तारीख, गाडी थंड की गरम, सेल्फ किती सेकंद मारला, धूर कोणता. गॅरेजमध्ये जाल तेव्हा "प्लग बदला" असे न सांगता ही लक्षणे सांगा आणि काढलेला पार्ट मागून घ्या. लक्षण सांगणाऱ्या गिऱ्हाइकाला फसवणे सोपे नसते. घामाचा पैसा अंदाजावर उडवू नका.